सुरुवातीच्या मोटारींना ऑइल फिल्टर नव्हता, मग इंजिन ऑइल स्वच्छ कसं राहायचं?

खरं सांगायचं तर ते स्वच्छ राहायचंच नाही. ऑइल घाण होणार हे धरूनच ती इंजिनं बांधलेली असत.

अगदी पहिल्या मोटारींत ऑइल परत वापरायचा प्रश्नच नव्हता. डबीतून थेंब थेंब बेअरिंगवर पडायचं आणि जळून किंवा खाली गळून संपायचं. आपल्याकडच्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळून जायचं, त्यातलाच हा प्रकार. जे पुन्हा फिरत नाही ते गाळायचं कशाला?

खरी पंचाईत झाली ती तेच ऑइल पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या इंजिनांत. फोर्डची मॉडेल टी (१९०८ ते १९२७) घ्या. तिला ऑइल पंप नाही, फिल्टर नाही, डिपस्टिकही नाही. फिरणारं फ्लायव्हील (इंजिनच्या मागच्या टोकाचं जड चाक) ऑइल उडवायचं, त्यातलं थोडं एका नरसाळ्यात पडून बारीक नळीने इंजिनच्या पुढच्या टोकाला जायचं आणि तिथून उताराने मागे यायचं. पातळी बघायला मागच्या बाजूला खालीवर दोन तोट्या. गंमत म्हणजे गिअरचे पट्टेही ह्याच ऑइलमध्ये, आणि त्यांचं अस्तर सुती! ते झिजलं की सुताचे तंतू ऑइलमध्ये यायचे आणि त्या एकुलत्या नळीत अडकायचे. नळी तुंबली की पुढचं बेअरिंग कोरडं. म्हणून बरेच मालक गिअरबॉक्सच्या झाकणाखाली तंतू अडवणारी जाळी बसवत. लोखंडाचा कीस मात्र फ्लायव्हीलवरच्या मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) चुंबकांना चिकटून बसे. हेतू नसताना झालेली ही सफाई मला फार आवडते.

बाकी सगळी भिस्त ऑइल बदलण्यावर. नवी गाडी ४०० मैल चालली की ऑइल काढा, पुढे दर ७५० मैलांनी, म्हणजे साधारण १,२०० किलोमीटरवर, असं फोर्डचं सांगणं होतं. जुनं ऑइल काढून आत गॅलनभर रॉकेल ओतायचं, हँडलने इंजिन फिरवून आतला भाग धुवायचा, ते काढून नवं ऑइल भरायचं.

इतक्या लवकर का? कारण घाण सगळीकडून यायची. बहुतेक गाड्यांना एअर फिल्टर नव्हता, कच्च्या रस्त्याची धूळ कार्ब्युरेटरमधून थेट सिलिंडरमध्ये. थंड इंजिन चोक ओढून सुरू केलं की न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करायचं. तरीही मॉडेल टीचं इंजिन टिकायचं, कारण ते संथ होतं: २.९ लिटरला जेमतेम २० हॉर्सपॉवर. बेअरिंगला बॅबिट, म्हणजे कथिलाचा मऊ मिश्रधातू. बारीक कण त्यातच रुतून बसायचे आणि शाफ्टवरचे ओरखडे टळायचे. बेअरिंग सैल झालं की शिम, म्हणजे मधल्या पातळ पट्ट्या, काढून पुन्हा घट्ट करत.

वेग आणि ऑइलचा दाब वाढला तशी ही ढिलाई परवडेना. पंप असलेल्या इंजिनांत पंपाच्या तोंडाशी तारेची जाळी असे, पण ती खडे अडवते, काजळी नाही. १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी प्युरोलेटर फिल्टर आणला आणि १९२४ च्या क्रायस्लर सिक्समध्ये तो एअर क्लीनरसकट आला. स्वीटलँडने कारखान्यांसाठीच्या फिल्टरांवर आधीच काम केलं होतं, हे महत्त्वाचं. तरी तो बायपास फिल्टर होता: एका वेळी ऑइलचा थोडाच भाग त्यातून जायचा, उरलेलं न गाळताच बेअरिंगकडे. सगळं ऑइल गाळणारे फिल्टर सर्रास व्हायला दुसरं महायुद्ध उलटावं लागलं.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर एक सांगतो. त्या काळच्या साध्या ऑइलमध्ये डिटर्जंट नसे, त्यामुळे काजळी तरंगत न राहता चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइल साठण्याच्या भांड्याच्या) तळाशी गाळ होऊन बसायची. अशा इंजिनात आजचं डिटर्जंट ऑइल ओतण्याआधी चेंबर उतरवा, गाळ खरवडून काढा, जाळी आणि नळ्या धुवा. नाहीतर वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून नेमका नळीत जाऊन अडकू शकतो.