फुलराणीचं स्वगत आणि भक्ती बर्वे

प्रश्न : एकपात्री स्पर्धेसाठी पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' नाटकातलं फुलवाली मंजुळाचं गाजलेलं स्वगत बसवते आहे. मंजुळाची भूमिका गाजवणाऱ्या भक्ती बर्वेंचं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून पाठ केलं. तरी अर्ध्यात दम लागतो आणि परीक्षक म्हणतात, शब्द कळत नाहीत.

उत्तर : रेकॉर्डिंग आधी बंद करा. त्यातल्या श्वासाच्या जागा भक्तीबाईंच्या दमाच्या आहेत, तुमच्या नाहीत.

दम लागतो तो बहुतेकदा पहिल्याच ओळीला वरची पट्टी लावल्यामुळे. मंजुळा चिडलेली आहे म्हणून सुरुवातीलाच ओरडलात, तर पुढे चढायला जागा उरत नाही. शब्द हरवतात त्याचं कारण वेगळं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि श्वास संपत आला की नेमकं तेच गिळलं जातं. क्रियापदच ऐकू आलं नाही, तर धमकीत राहिलं काय?

संहिता हाताने लिहून काढा, एका ओळीत एकच वाक्य. श्वासाच्या जागी पेन्सिलने उभी रेघ मारा. क्रियापदाच्या लगेच आधी रेघ नको. पहिले काही दिवस बसून, बातम्या वाचल्यासारखं सपाट वाचा. मग आवाज न काढता नुसते ओठ आणि जीभ हलवून म्हणा. कुठला शब्द तोंडात अडखळतो ते लगेच कळतं. हालचाली सगळ्यात शेवटी. फोन दहा-बारा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा, तोंडाशी धरलात तर सगळंच स्पष्ट वाटतं.

राग व्यंजनांत दाखवा, आवाजात नाही. जबडा आवळला की घसाही आवळतो आणि आवाज चिरकतो. बोलीचंही तसंच. कोणते उच्चार बदलायचे ते संहिता बघून आधीच ठरवा. पहिल्या ओळीत 'न' आणि चौथ्या ओळीत 'ण' झाला, की पात्र गेलं, स्पर्धक उरला.

प्रश्न : भक्ती बर्वे दूरदर्शनवरून नाटकात आल्या का?

उत्तर : नाही, उलट. सुधा करमरकरांच्या बालनाट्यांतून त्या रंगमंचावर आल्या. पुढे आकाशवाणी, आणि १९७२मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर तिथे वृत्तनिवेदन. 'ती फुलराणी' १९७५चं. समोर अभिनेते सतीश दुभाषी. घरोघरी जिचं शुद्ध मराठी ऐकलं जायचं, तिच्याच तोंडी फुलवालीची बोली! आमच्या मते ही निवडच अर्धी बाजी मारून गेली. १९९०चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात त्या गेल्या.

प्रश्न : हिंदी सिनेमात काम केलं होतं का?

उत्तर : हो. 'जाने भी दो यारों' (१९८३) मधली 'खबरदार'ची संपादिका शोभा सेन आठवा.

प्रश्न : स्पर्धेत हे स्वगत करायला परवानगी लागते का?

उत्तर : पु. ल. देशपांडे यांचं निधन २००० साली झालं, त्यामुळे कॉपीराइट २०६०च्या अखेरपर्यंत आहे. हक्कधारकांची परवानगी आयोजकांनी घेतली आहे का, हे प्रवेशिका भरतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. व्हिडिओ इंटरनेटवर टाकणार असाल तर त्याचा उल्लेख वेगळा करून घ्या. प्रयोगाच्या परवानगीत तो आपोआप येत नाही.