समोरच्या सात जणांविषयी

चिरंजीव मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी कबड्डीची कथा दोनदा वाचली. पहिल्या वाचनात शेवटच्या चढाईपर्यंत मी खरोखरच तुझ्याबरोबर होतो. नायक एका दमात पाच जणांना बाद करून मध्यरेषेला हात लावतो, खुर्चीत बसलेल्या आमदारांचा चेहरा पडतो आणि कथा संपते, तिथे मात्र मी कागद खाली ठेवले. दुसऱ्यांदा वाचली ती नेमके काय खटकले हे शोधण्यासाठी. तुझ्या मैदानावर एकच संघ खेळतो आहे. समोर सात जण उभे आहेत, पण त्यांतल्या एकालाही जिंकायचे नाही.

मी कॉलेजात असताना चार वर्षे डाव्या कोपऱ्यावर खेळलो, तेव्हा हे थोडे अधिकाराने सांगतो. कोपऱ्यावरचा खेळाडू चढाई करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, कारण चेहरा फसवतो. तो पावलांकडे पाहतो. समोर सहा किंवा सात जण असताना बोनस गुण, म्हणजे जादा गुण, घ्यायचा, तर चढाईपटूला एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून दुसरा हवेत ठेवावा लागतो. म्हणजे ज्या क्षणी तो गुण कमावतो, त्याच क्षणी तो एका पायावर उभा असतो, आणि कोपऱ्यावरचा गडी त्याच क्षणाची वाट पाहत असतो. जरा लवकर झेपावलात तर तो हात लावून निसटतो, जरा उशीर झाला तर घोटा तिथे नसतो. चढाईचे तीस सेकंद असे दोन्ही बाजूंनी भरलेले असतात. तिघेच उरलेल्या संघाने पकड केली तर तिला एकाऐवजी दोन गुण मिळतात; हा नियम ज्याला सुचला त्याला कथेचे मर्म कळले होते, असे मला नेहमी वाटते.

२०१८ ची जाकार्तातली आशियाई स्पर्धा आठव. १९९० पासून दर वेळी सुवर्णपदक जिंकणारे आपले पुरुष उपांत्य सामन्यात इराणकडून हरले, आणि महिलांचा अंतिम सामनाही इराणनेच २७–२४ असा घेतला. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. या सामन्यावर कथा लिहायला बसलास, तर खलनायक कोणाला करशील?

आता आमदारांकडे येतो. तुझ्या वयात मीही एक सरपंच असाच रंगवला होता: सोन्याची साखळी, मिशी, दारात जीप. संपादकांनी कथा परत पाठवली आणि खाली एवढेच लिहिले, "तुमचे सरपंच सकाळी उठून काय करतात?" मला राग आला होता. पुढे काही वर्षांनी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या मतमोजणीला तहसील कचेरीत गेलो. एका जागेवर समान मते पडली, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या आणि शाळेतल्या एका लहान मुलीला एक उचलायला सांगितले. जो हरला तो गावात दांडगाईबद्दल प्रसिद्ध होता, मलाही तो कधी आवडला नव्हता. मुलगी रडवेली झाली, तसा तो तिला म्हणाला, "तुझी काय चूक गं, बाळ?" मग बाहेर येऊन मोटरसायकलला किका मारत राहिला. चावी फिरवलेलीच नव्हती. आम्ही सगळे पाहत होतो. हसूही येत होते, आणि पुढे होऊन ते सांगण्याची हिंमत कोणाला होत नव्हती. त्या चावीसाठी मी माझी जुनी कथा मोडून पुन्हा लिहिली.

विनोदाविषयी फार बोलत नाही. आमदारांच्या इंग्रजीवर तू तीन ठिकाणी कोटी केली आहेस आणि तिन्ही वेळा नायक बाजूला उभा राहून हसतो. तमाशातला सोंगाड्या राजाची टिंगल करतो ती चालते, कारण तो स्वतःच पहिला गाढव ठरलेला असतो. तुझ्या नायकाला एकदा तरी चिखलात पडू दे, मग आमदारांवर हसण्याचा हक्क त्याला आपोआप मिळेल. (राजकारणाबद्दलची तुझी चीड मला मान्य आहे, ती कमी करू नकोस; पण भाषणाची जी दोन पाने नायकाच्या तोंडी घातली आहेस, ती काढ.)

असे कर. शेवटची चढाई तेवढी पुन्हा लिही, पण डाव्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यांनी. तो कोणाचा मुलगा, त्याला हा सामना का जिंकायचा आहे आणि आमदारांनी त्याच्या घरी काय केले आहे, चांगले किंवा वाईट, हे आधी स्वतःसाठी ठरव. चार पानांहून जास्त नको. कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत अंतर सोडून लिही, कारण माझा चष्मा आता जुना झाला आहे. आणि आमदार त्या दिवशी सकाळी उठून काय करत होते, तेही कळव.

कळावे, हे आशीर्वाद.