चंद्राची चित्रपुस्तकं कशी पारखावीत?

प्रश्न : मुलगी साडेपाच वर्षांची आहे. तिच्यासाठी चंद्र आणि अंतराळप्रवासाची चित्रपुस्तकं घ्यायची आहेत. चित्रांतल्या चुका कशा ओळखाव्यात?

उत्तर : चंद्र बोलतो, हसतो, टोपी घालतो, याला आमची हरकत नाही, गोष्टीत ते चालतंच. माहितीच्या पुस्तकात मात्र आधी चंद्राच्या कलांचं, म्हणजे त्याच्या रोज बदलणाऱ्या आकारांचं पान वाचा. ‘पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र लहान होतो’ असं छापलं असेल, तर पुस्तक परत ठेवा. ती सावली चंद्रग्रहणात पडते. चंद्राचा उजळलेला अर्धा भाग आपल्याला रोज कमीजास्त दिसतो, म्हणून कला. चंद्रकोरीच्या पोकळीत चांदणी काढलेली असेल, तर तीही चूक. तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो.

हे घरी दाखवता येतं. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा, मुलीच्या हातात पांढरा चेंडू द्या आणि हात लांब करून तिला जागच्या जागी गोल फिरू द्या. दिवा म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र आणि तिचं डोकं म्हणजे पृथ्वी. चेंडू समोर, पण डोक्यापेक्षा थोडा उंच हवा. खाली राहिला, तर दिव्याकडे पाठ होताच डोक्याची सावली त्यावर पडते आणि ऐन पौर्णिमेला ग्रहण लागतं!

पृथ्वी-चंद्र शेजारी काढलेले असतात, ती पानाची अडचण. पृथ्वी ११ सेंटीमीटरची धरली, तर चंद्र ३ सेंटीमीटरचा आणि तब्बल ३.३ मीटर दूर. चंद्रावर उभा अंतराळवीर फुग्यासारखा तरंगत नाही. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे, शून्य नव्हे.