भूगोलाच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मित्रा

प्राकृतिक आणि मानवी भूगोलाच्या दोन वेगळ्या वह्या करू नकोस, खरंच. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो; जेमतेम २० किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहून कमी. ढग घाट चढताना रिते होतात, पलीकडे उतरणारी हवा तापून कोरडी पडते; तिथला कमी पावसाचा पट्टा म्हणजे पर्जन्यछाया. आणखी पूर्वेला, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी-विट्याकडे बघ. दुष्काळात शेतीवर भागेना, तेव्हा तिथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. हा पर्जन्यछायेचाच धडा आहे, माणसांच्या बाजूनं.

टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा तपशीलवार नकाशा, वाचायला मात्र लवकर शिक. १:५०,००० म्हणजे नकाशावरचे २ सेंटीमीटर, जमिनीवर १ किलोमीटर. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाटल्या की चढ उभा. आपल्या गावाचा नकाशा मिळव आणि तो हातात धरून एकदा चालून ये.