चिमणी एक, हिशोब दोन

पलूसहून एका पालकांनी विचारलं आहे: "मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गळीत हंगामात गच्चीवरच्या कपड्यांवर काजळी पडते, ते बघून तिला हवा प्रदूषणात काम करावंसं वाटतं. पण नोकऱ्या 'क्लायमेट'मध्ये आहेत म्हणतात. काय निवडावं?"

दोन्ही एकत्रच धरा. तुमच्या गच्चीवरचंच उदाहरण घेऊ. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस (उसाचं चिपाड) जळतो तेव्हा सुटणारा कार्बन डायऑक्साइड उसाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून हवामान बदलाच्या खात्यात तो शून्य धरतात. काजळी मात्र हवेच्या खात्यावर पडतेच. कोळशाच्या वीज केंद्रात उलटं होतं: सल्फर डायऑक्साइड अडवायला चुनखडी वापरली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. पाचट न जाळता कुजवलं तर मात्र दोन्हीकडे फायदा. सांगली २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. तिथे प्रगती पीएम१०वर (हवेतल्या बारीक धूलिकणांवर) मोजतात, कार्बनवर नाही. ही दोन्ही खाती एका कागदावर मांडणारी माणसं कमी आहेत.

आता वाट. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावी, दुसऱ्या वर्षी 'गेट' या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा पेपर द्यावा (हा विषय २०२१पासून आहे). आयआयटीत एम.टेक.ला नुसत्या बी.एस्सी.वर सहसा भागत नाही.

प्रयोगशाळेत घाई नको. हवेतली धूळ ज्यावर गोळा करतात तो फिल्टर पेपर नमुन्याआधी आणि नंतरही २४ तास डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवूनच तोलायचा. पावसाळ्यात तसाच तोलला तर ओलावाही धूळ म्हणून मोजला जातो. चिमट्याने कडेचा तुकडा तुटला तर धूळ चक्क उणे येते!

उत्सर्जनाचा हिशोब आत्तापासून एक्सेलमध्ये करायला लागावं: जळालेलं इंधन गुणिले उत्सर्जन गुणांक. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरने २० लिटर डिझेल जाळलं, तर लिटरमागे २.६८ किलो धरून ५३.६ किलो कार्बन डायऑक्साइड. इंजिन जुनं असो वा नवं, हा आकडा फारसा हलत नाही. काजळीचा मात्र इंजिन आणि देखभालीनुसार कित्येक पटींनी बदलतो. म्हणून संख्याशास्त्र पक्कं हवं; रसायनशास्त्राची मुलं नेमकी इथेच अडतात.

नोकऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळात, कारखान्यांच्या पर्यावरण विभागात, सल्लागार कंपन्यांत मिळतात. जाहिरातीत 'ईएसजी' (कंपनीचं पर्यावरण, समाज आणि कारभार यांबाबतचं काम) असेल तर मोजणी करायची आहे की नुसते अहवाल लिहायचे, हे तिने मुलाखतीतच विचारून घ्यावं.