डी अँड डीमध्ये लढाईआधी शस्त्रांना विष चढवण्याचा विधी कसा बेतावा?

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा कथाखेळ. त्यात तुमची पार्टी (पात्रांची टोळी) पाच जणांची, लेव्हल पाचवी. लढाईच्या आधी सगळ्यांनी वर्तुळात बसायचं, मंत्र म्हणायचे, आपापल्या शस्त्राला विष चढवायचं आणि मग निघायचं, असा विधी तुम्हाला स्वतः लिहायचा आहे. तो फुसकाही निघू नये आणि खेळही बिघडू नये, असं तुम्ही विचारलंय.

हा विधी मी स्वतः तीन वेळा लिहिला. पहिले दोन सपशेल पडले. ते कसे पडले हेच आधी सांगतो, कारण तुमच्या वहीतही बहुतेक तोच पहिला मसुदा असणार. (मी २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम धरून बोलतोय. तुम्ही २०२४ चे खेळत असाल तर काही आकडे हलतील.)

पहिला मसुदा: विधी पूर्ण झाला की तासभर प्रत्येक हिटला (लागलेल्या वाराला) १डी६, म्हणजे सहा बाजूंच्या एका फाशाइतकं, विषाचं जादा डॅमेज. वाचायला निरुपद्रवी वाटतं ना? आता हिशोब करा. पाचव्या लेव्हलला फायटरला दोन अटॅक, रेंजरला दोन, बाकी तिघांना एकेक, म्हणजे एका राउंडला सात. शंभरातले पासष्ट लागतात असं धरा. साडेतीनच्या सरासरीने राउंडला सोळाएक पॉइंट वाढले, चार राउंडच्या लढाईत चौसष्ट. तेही एकही स्पेल स्लॉट (मंत्र वापरायचा मोजका साठा) न घालवता, आणि तासाभरात दुसरी लढाई झाली तर तिथेही. जो बॉस मी दोन रात्री जागून उभा केला होता, तो तिसऱ्या राउंडलाच आडवा झाला. खेळाडू खूश होते, मी हसरा चेहरा करून बसलो होतो.

पुढच्या सेशनला सांगाडे आणि झोंबी होते. विधीचा शून्य उपयोग. मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकात सर्वात जास्त प्राण्यांना इम्युनिटी आहे ती विषाचीच. जवळपास सगळे अनडेड (मेलेले पण चालतेफिरते), गोलेमसारखे कन्स्ट्रक्ट (जादूने घडवलेले पुतळे), बहुतेक डेव्हिल आणि डीमन यांच्यापुढे विष म्हणजे पाणीच. म्हणजे माझा विधी एक तर लढाई संपवून टाकायचा किंवा वाया जायचा. मधलं काही नाहीच.

दुसऱ्या मसुद्यात मी घाबरून दुसऱ्या टोकाला गेलो. पुस्तकातलं बेसिक पॉयझन समोर ठेवलं: शंभर सोन्याची नाणी, एक ॲक्शन लावून शस्त्राला चोपडायचं, डीसी १० चा कॉन सेव्ह (समोरच्याने विष पचवायला फासा टाकायचा, दहा किंवा वर हवेत), चुकला तर १डी४, आणि मिनिटभरात वाळून जाणार. माझा विधी त्याहून थोडासाच बरा होता. दोन सेशननंतर त्याची आठवण कुणी काढली नाही, मीही नाही.

मग लक्षात आलं की मी डॅमेजच्या फाशांशीच झटापट करत बसलो होतो. विषाची खरी ताकद फाशांत नाही, 'पॉयझन्ड' या कंडिशनमध्ये आहे. विष बाधलेल्याला अटॅक रोल आणि अॅबिलिटी चेक (ताकद, चपळाई वगैरे अजमावणारा फासा) या दोन्हींवर डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी येईल तो घ्यायचा. जो राक्षस तुमच्या फायटरला ६५ टक्के वेळा मारत होता, तो ४२ टक्क्यांवर येतो. ज्याला अकरा किंवा वर लागत होतं, तो ५० वरून थेट २५ वर. शिवाय अॅबिलिटी चेकवर डिसअॅडव्हान्टेज म्हणजे त्याला पकडून जखडणं सोपं. आणि समोर जादूगार असेल तर चौथ्या किंवा वरच्या लेव्हलचा स्पेल काउंटरस्पेलने (दुसऱ्याचा मंत्र तोडणाऱ्या मंत्राने) अडवताना त्याला जो चेक करावा लागतो, तोही लंगडा. एक मात्र ध्यानात ठेवा, सेव्हिंग थ्रोवर (म्हणजे सेव्हवर) या कंडिशनचा काहीही परिणाम होत नाही. हे टेबलावर हटकून चुकतं, आणि त्यावरून अर्धा तास वाद होतो.

तेव्हा डॅमेज हातचं राखून द्या आणि कंडिशन नीट द्या.

तिसरा मसुदा आजतागायत माझ्या टेबलावर चालतोय. नाव ठेवलंय 'विखारबंध'. तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, ड्रुइड आणि क्लेरिकच्या यादीत, रिच्युअल म्हणून, म्हणजे स्लॉट न खर्चता सावकाश, करता येतो. मूळ कास्टिंग टाइम एक मिनिट, रिच्युअल म्हणून केला की दहा मिनिटं जादा, म्हणजे अकरा. जास्तीत जास्त पाच शस्त्रं, धारेची किंवा टोकाची. बाण असतील तर तीन बाणांना मिळून एकच भार, पहिला लागला की उरलेले दोन सुके. ज्याचं शस्त्र, त्याने आपलं रक्त पात्यावर सोडायचं, म्हणजे एक हिट डाय (विश्रांतीत जखमा भरायला मिळणारा फासा) खर्च करायचा, आणि त्या खर्चातून बरं व्हायचं नाही. यातून प्रत्येक शस्त्रात एकच भार भरला जातो आणि तो पुढच्या पहाटेपर्यंत टिकतो. हिट लागल्यावर भार सोडायचा की राखायचा हे शस्त्रधारी ठरवतो. सोडला तर समोरच्याने विधी करणाऱ्याच्या स्पेल सेव्ह डीसीवर (त्याच्या जादूच्या ताकदीचा आकडा) कॉन सेव्ह करायचा: चुकला तर २डी६ विषाचं डॅमेज आणि त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत पॉयझन्ड, जमला तर निम्मं डॅमेज आणि कंडिशन नाही. क्रिटिकल (अटॅकच्या फाशावर वीस) लागला तरी हे फासे दुप्पट करायचे नाहीत, कारण ते हिटवर नव्हे तर सेव्हवर अवलंबून आहेत. कुणी हुज्जत घातली तर हेच सांगा.

हिशोब पुन्हा बघा. डीसी १५, राक्षसाचा कॉन सेव्ह +४, म्हणजे निम्म्या वेळा चुकणार. एका भाराचे सरासरी पाच पॉइंट, पाच भारांचे पंचवीसएक. फायरबॉलचे ८डी६ म्हणजे सरासरी २८, तेही वीस फुटांच्या त्रिज्येत सापडेल त्या प्रत्येकाला, सेव्ह जमला तर निम्मे. म्हणजे आपला विधी डॅमेजमध्ये एका फायरबॉलच्या आतच राहतो. आधी मी २डी६ ऐवजी ३डी६ ठेवले होते, तेव्हा हा आकडा चाळिशीच्या जवळ जात होता. स्लॉट न खर्चता मिळणाऱ्या गोष्टीला ते फार झालं.

तुलनेसाठी डॅगर ऑफ व्हेनम पाहा. एक ॲक्शन खर्चून विष चढतं, डीसी १५, २डी१० आणि मिनिटभर पॉयझन्ड, पहाटेपर्यंत पुन्हा नाही. ती 'रेअर' वस्तू आहे आणि एकाच माणसाच्या हातात असते. आपला भार त्याच्या पायरीवर पोचता कामा नये, कारण आपण पाच जणांना देतोय.

आता हिट डाय का? सोनं मागितलं असतं तर पाचव्या लेव्हलच्या पार्टीला त्याचं काही वाटत नाही. स्लॉट मागितला तर रिच्युअल कसला. हिट डाय मात्र टोचतो. पाचव्या लेव्हलला पाच असतात, लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) निम्मेच परत येतात, म्हणजे दोन. रोज सकाळी उठून विखारबंध करणाऱ्या पार्टीचा त्या दोनांतला एक तिथेच जातो, आणि शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) बसलं की हात आखडावा लागतो. माझ्या टेबलावर पहिल्याच दिवशी बार्बेरियनने रक्त द्यायला साफ नकार दिला, आणि त्यावरून पात्रांमध्ये जी जुंपली ती त्या रात्रीची सर्वांत मजेदार वीस मिनिटं होती. फासा एकदाही पडला नाही.

अकरा मिनिटं हाही नुसता आकडा समजू नका. मिनिट किंवा त्याहून लांब कास्टिंग म्हटलं की प्रत्येक टर्नला ॲक्शन त्यातच द्यावी लागते आणि कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावरचं लक्ष) टिकवावं लागतं. मार बसला की डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल त्यावर सेव्ह. सातव्या मिनिटाला शत्रूचा टेहळ्या झाडीतून डोकावला तर? बाकीच्यांनी त्याला आवाज न करता गाठायचं आणि क्लेरिकने विधी सोडायचा नाही. गदा घेऊन फिरणाऱ्या क्लेरिकची 'माझ्या शस्त्राला विष का नाही' ही कुरकुरही इथेच मिटते, कारण त्या अकरा मिनिटांत सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर असतात.

विष कुठून आलं, हे मात्र सोडून देऊ नका. 'काहीतरी जादूचं हिरवं पाणी' असं म्हटलंत की विधीचा जीवच गेला. मेलेल्या किंवा निपचित पडलेल्या प्राण्याचं विष काढायचा नियम डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात आहेच: १डी६ मिनिटं, मग डीसी २० चा नेचर (निसर्गाची जाण) चेक. चुकलं तर विष मिळत नाही, पाच किंवा जास्तने चुकलं तर ते विष काढणाऱ्यालाच बाधतं. मी विखारबंधाला असा एक डोस लागतोच असं ठेवलंय. त्यामुळे पार्टी वायव्हर्न मारून पुढे जात नाही, त्याच्या नांगीशी वाकून बसते. प्राण्याप्रमाणे थोडा रंगही बदलता येतो. सापाचं असेल तर जसं आहे तसं. कोळ्याचं असेल तर डॅमेज १डी६ वर आणा, बदल्यात वेगही निम्मा करा.

जरा विषयांतर. इंग्रजीतल्या 'टॉक्सिक'चं मूळ ग्रीक 'टॉक्सॉन'मध्ये आहे, आणि त्याचा अर्थ धनुष्य. विष आणि बाण यांचं नातं इतकं जुनं. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणांना क्युरारे लावत. ते रक्तात गेलं तर स्नायू लुळे पडतात, पण पोटातून फारसं बाधत नाही, म्हणून त्या बाणाने मारलेली शिकार खुशाल खाता यायची. बचनागाचं तसं नाही, तो पोटात गेला तरी मारतो. हा फरक डी अँड डीनेही ठेवलाय: स्पर्शाचं, गिळण्याचं, श्वासाचं आणि जखमेतून जाणारं, अशी विषाची चार प्रकारांत विभागणी आहे. विखारबंध फक्त जखमेतून जाणाऱ्या विषावरच चालतो. एका खेळाडूने आपलं भारलेलं खंजीर राजाच्या सरबतात बुडवून काढलं होतं. काही झालं नाही, आणि राजाने त्याला आणखी एक पेला दिला.

राहिला अनडेडचा प्रश्न. इम्युनिटी आहे तिथे ती तशीच राहू द्या. विषाचं डॅमेज गुपचूप नेक्रोटिक (मरणाच्या शक्तीचं) करून देणारे डीएम मी पाहिलेत, पण मग त्याला विष का म्हणायचं? भार पहाटेपर्यंत टिकतो आणि सोडायचा की नाही हे हिटनंतर ठरतं, त्यामुळे सांगाड्यांवर तो फुकट जात नाही. फक्त आत काय आहे याचा सुगावा पार्टीला आधी लागायची सोय ठेवा. थडग्याच्या दारावरची खूण, गावातल्या म्हाताऱ्याची बडबड, काहीही. ते न बघता रक्त सांडलं तर त्यांचं नशीब.

आणि हा विधी पार्टीला गुंडाळीतून आयता देऊ नका, आधी शत्रूच्या हातून खाऊ द्या. मी तो गॉब्लिनांच्या भगताकडे ठेवला होता. डोंगराच्या कपारीत पाच गॉब्लिन हाताला चिरे देऊन बसलेले, मधे मेलेला साप. पार्टीने सात मिनिटं 'हल्ला करू की बघत राहू' यावर घालवली, आणि तोवर भारून झालेली पाती बाहेर आली. ड्वार्फला विषाविरुद्ध सेव्हला अॅडव्हान्टेज आणि डॅमेजला रेझिस्टन्स (निम्मंच लागतं) असतो हे त्या खेळाडूला पहिल्या लेव्हलपासून माहीत होतं, पण कामी कधी आलं नव्हतं. त्या रात्री तो एकटा कपारीच्या तोंडाशी उभा राहिला, बाकीचे चौघे त्याच्यामागे डिसअॅडव्हान्टेजने फासे टाकत होते. लढाई संपल्यावर भगताच्या झोळीत काय आहे हे त्यानेच पहिल्यांदा विचारलं.