खिचडी देतो, पण पुढे काय?

प्रश्न: ताई, आमचं भजनी मंडळ दर गुरुवारी पुलाखाली राहणाऱ्या लोकांना खिचडी वाटतं. देवळाचा हॉल रात्री रिकामाच असतो, तिथे त्यांना झोपू द्यावं असं मला वाटतं पण बाकीचे तयार नाहीत. काय करू?

उत्तर: अहो, तुमचं बरोबरच आहे! गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न आहे तसंच बेघरांना आसराही आहे, आणि बाबांनी नुसतं कीर्तनात सांगितलं नाही तर पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी मात्र साधी झोपडीही बांधली नाही. दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलला आलेले कॅन्सरचे पेशंट नि नातेवाईक राहतात, नाहीतर बिचारे फुटपाथवरच झोपले असते.

हॉलसाठी एकदम भांडू नका. आधी पावसाळ्यापुरता मागा, संडास, पाणी आणि रात्री थांबणारी दोन माणसं कोण ते ठरवूनच मीटिंगला जा, कारण लोक खरं तर याच गोष्टींना घाबरतात. तोवर महापालिकेचा रात्रनिवारा कुठे आहे ते बघा, शहरात 1 लाख वस्तीमागे किमान 100 जणांच्या निवाऱ्याची सोय हवी असं सरकारी योजनेतच ठरलं होतं. आणि हो, खिचडी देताना त्यांच्यासोबत खाली बसून जेवा, नाव विचारा. भजनाला बसायची सक्ती मात्र अजिबात नको, फोटो तर नकोच नको.